पट्टी सरकू नये म्हणून

गोधडी आपल्याला नवी नाही. कोणी तिला वाकळ म्हणते, कोणी गोधडी. थंडीच्या रात्री तिच्यावाचून झोप येत नाही. पण या पाठात गोधडी कशी शिवावी हे सांगायचे नाही. ते आमच्या बायाबापड्यांना माझ्यापेक्षा जास्त समजते. सांगायचे आहे ते एका लहानशा गोष्टीबद्दल. कापड कापताना वर जी मोजपट्टी ठेवतात, ती हलू न देणे, एवढीच ती गोष्ट. वाचायला क्षुल्लक वाटेल. पण पट्टी जरा हलली की चांगले कापड वाया जाते, मजुरी बुडते, आणि सुरी असेल तर बोटही जाते.

पूर्वीची गोधडी कशी होई ते आठवा. विरलेले लुगडे अंथरायचे. त्यावर जुने धोतर, फाटके सदरे. वर रंगीत चिंध्या मांडायच्या. मग कडेपासून आत आत येत धावदोरा घालायचा. चिंधी लहानमोठी असली तरी बिघडत नसे, कारण तिच्याखाली सबंध लुगडे असे. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी लोक राहतात. त्यांच्या बाया कवंदी शिवतात. त्यादेखील कोपऱ्यापासून सुरुवात करून, कडेने फिरत फिरत मध्यावर येतात. चिंध्या नजरेने लावतात. तिथे मोजपट्टीचे काम नाही. नजर हीच पट्टी.

आता मात्र गिऱ्हाईक चौकटीची गोधडी मागते. सगळे चौकोन सारखे, सगळ्या रेघा सरळ. ही गोधडी तुकड्याला तुकडा जोडून होते. आधी तुकड्यांचे सबंध कापड तयार करायचे, अस्तर मागाहून लावायचे. म्हणजे तुकड्याला खालून आधार नाही. शेजारचा तुकडा हाच त्याचा आधार. एक तुकडा चुकला की शेजारी चुकतो, आणि शेजारी चुकला की सगळी रांग चुकते.

किती चुकते? हिशेब करू. पाटी-पेन्सिल घ्या.

शिंपी इंच आणि सूत मोजतात. १ इंचाचे ८ सूत. दुकानदार कापड मीटरने देतो. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली. पण शिवणकामात इंच अजून गेलेला नाही, म्हणून आपणही इंचच धरू. शिवून झाल्यावर चौकोन ४ इंचांचा दिसायला हवा असेल, तर कापताना तो साडेचार इंचांचा कापावा लागतो. दोन्ही बाजूंना शिवणीत दोन दोन सूत जातात. अशा १२ चौकोनांची एक रांग केली, तर दोन टोकांच्या शिवणी सोडून तिची लांबी ४८ इंच भरते.

समजा प्रत्येक चौकोन एकच सूत कमी कापला गेला. एक सूत म्हणजे किती? ज्वारीच्या एका दाण्याएवढेही नाही. पण बारा चौकोनांचे बारा सूत, म्हणजे दीड इंच. एक रांग ४८ इंच आणि दुसरी साडेशेहेचाळीस. त्या दोन रांगा एकमेकींना कशा जोडणार? ओढून जोडल्या तर कापड सुरकुतते. तशाच जोडल्या तर कोपऱ्याला कोपरा भेटत नाही.

आमच्या वाडीत असेच झाले. बायांच्या एका बचत गटाने शहरातल्या एका दुकानाचे काम घेतले होते. पलंगावर घालायच्या चौकटीच्या गोधड्या. त्यांतल्या निम्म्या परत आल्या. कापड गटाचे, दोरा गटाचा, दोन महिन्यांची मेहनत गटाची. गटातली एक मावशी दोन गोधड्या डोक्यावर घेऊन माझ्या ओटीवर आली. म्हणाली, "गुरुजी, शिवण तर सरळ हाय. दोऱ्यानं मापून बघितली. मग रांगा का जुळनात?"

शिवण खरोखरच सरळ होती. तिच्या हातात कला आहे, यात शंका नाही. मी तिला उरलेले कापलेले तुकडे आणायला सांगितले. ते चाळीस-पन्नास तुकडे आम्ही एकेक करून मोजले. तेव्हा एक गंमत दिसली. बहुतेक तुकड्यांची अंगाजवळची बाजू बरोबर साडेचार इंच होती. पण लांबची बाजू कुठे एक सूत कमी, कुठे दोन सूत. म्हणजे माप चुकले नव्हते. पट्टी मापावर बरोबर ठेवली होती. कापता कापता ती फिरली होती.

हे नीट लक्षात घ्या. पट्टी दोन तऱ्हांनी दगा देते. कधी ती सबंध सरकते. मग तुकडा सगळीकडून सारखा कमी होतो, आणि ते लवकर उमगते. पण बहुधा ती सरकत नाही, फिरते. एक टोक जागेवर राहते आणि दुसरे हळूच बाजूला जाते. हे डोळ्याला दिसत नाही, कारण आपण पाहतो ते जवळचे टोक.

ती का फिरते ते करून पाहा. पाटावर पट्टी ठेवा. तिच्या एका टोकावर एकच बोट दाबून धरा. आता दुसरे टोक करंगळीने ढकला. कितीही जोराने दाबले असले तरी पट्टी फिरेल. खळ्यात मळणीच्या वेळी मध्ये तिवडा असतो आणि बैल त्याच्याभोवती फिरतात, तसे तुमचे बोट हा तिवडा होतो. आता दोन बोटे ठेवा, मध्ये वीतभर अंतर सोडून. पुन्हा ढकला. आता ती सहजी फिरत नाही. पट्टी दोन जागी दाबली तरच स्थिर राहते. एका जागी दुप्पट जोर लावून ते साधत नाही.

खडू असो की सुरी, ती पट्टीच्या कडेला टेकून चालते. म्हणजे ती पट्टीला बाजूला ढकलतच असते. हात पट्टीच्या खालच्या टोकाशी आणि सुरी वरच्या टोकाशी पोचली, की ढकलणे लांबून होते. विहिरीच्या रहाटाचा दांडा जितका लांब तितका तो हलका फिरतो, तसेच हे. म्हणून शेवटचे चार बोटे कापड वाकडे कापले जाते. मावशीच्या तुकड्यांत नेमके हेच झाले होते.

आता हात कसा ठेवायचा ते पाहू.

तळहात सपाट टेकू नका. सपाट हाताने अंगाचा भार पुढे जातो, खाली जात नाही, आणि तोच पट्टीला पुढे लोटतो. पंजा कोळ्यासारखा उभा करा. पाची बोटांची टोके खाली, मधला तळहात वर उचललेला. अंगठा आणि मधले बोट यांत होईल तितके अंतर राखा. हीच आपली दोन ठिकाणे. करंगळी मात्र पट्टीवर नको. ती पट्टीच्या पलीकडच्या कडेला, कापडावर टेकवा. उतारावर गाडी उभी करताना आपण चाकाखाली दगड लावतो. करंगळी हा तो दगड. सुरी पट्टीला ज्या बाजूला ढकलते, त्याच बाजूला करंगळी आडवी असते. दाब सरळ खाली द्या. खांदा हाताच्या वर आला पाहिजे. त्यासाठी टेबल असेल तर उभे राहून कापा. बसून कापणाऱ्याचा हात तिरपा पडतो.

आपल्याकडे पुष्कळ काम जमिनीवर बसून होते. त्याला हरकत नाही. पण मग खाली पाट किंवा फळी घ्या आणि गुडघ्यांवर उभे राहा, म्हणजे खांदा वर येईल. काहींना पट्टीवर गुडघा ठेवायची सवय असते. खडूने रेघ मारायची असेल तर तेही चालेल. सुरीने कापताना मात्र गुडघा सुरीच्या वाटेत कदापि ठेवू नये.

लांब रेघ असेल तर हात एका जागी ठेवून भागत नाही. तेव्हा असे करावे. हाताच्या समोर जेवढे येते तेवढेच कापा. मग सुरी थांबवा. उचलू नका, ती आहे तिथेच कापडात राहू द्या. ती तिथे राहिली म्हणजे पट्टीलाही आधार मिळतो. आता पंजा पुढे न्यायचा. तो उचलून न्यायचा नाही. आधी वरची बोटे पुढे टाका, ती घट्ट झाली की अंगठा त्यांच्यामागून आणा. सुरवंट पानावर चालतो तशी चाल. म्हणजे कोणत्याही क्षणी पट्टीवर काही बोटे दाबलेलीच असतात. हात पुढे गेला की सुरी पुन्हा चालवा. हात चालेल तेव्हा सुरी थांबलेली, आणि सुरी चालेल तेव्हा हात थांबलेला. दोन्ही एकदम चालले की घात झालाच. मावशीला हे जमायला एक दुपार लागली. घाई असणाऱ्याला जास्त लागते.

डावखुऱ्या माणसाने सगळे उलटे करावे. पट्टी उजव्या हाताने धरावी, सुरी डाव्या हाती. पोराचा डावा हात बांधून ठेवण्याची जुनी रीत वेडगळ होती. डाव्या हाताने उत्तम काम होते.

मी सारखा सुरी सुरी म्हणतो आहे, ती कोणती हे सांगायला हवे. कात्री आपल्या ओळखीची. कात्रीने कापायचे तर पट्टी फक्त खडूची रेघ मारण्यापुरती लागते. पण आता चकतीची सुरी मिळते. तिला रोटरी कटर म्हणतात. मुठीच्या टोकाला गोल पाते असते आणि ते चाकासारखे फिरत कापड कापते. जपानमध्ये ओसाका शहरात ओल्फा नावाची कंपनी आहे. तिने १९७९ साली ही सुरी काढली. त्याच कंपनीच्या संस्थापकाने त्याआधी, १९५६ साली, टोक बोथट झाले की मोडून टाकायच्या पात्याची सुरी शोधली होती. फुटलेल्या काचेची धार आणि खाचा पाडलेली चॉकलेटची वडी, या दोन गोष्टींवरून त्यांना ती कल्पना सुचली, असे सांगतात. चकतीची सुरी आली ती शिवणाऱ्यांसाठी. पण तुकड्यांच्या गोधड्या करणाऱ्यांनी ती डोक्यावर घेतली, कारण कापड न उचलता, जागच्या जागी, दोन-चार थर एकदम कापता येतात. आपल्या शहरांतल्या शिवणसामानाच्या दुकानांतही ती मिळते. नेहमीच्या कामाला ४५ मिलिमीटरच्या चकतीची सुरी बरी. तिच्याखाली घालायला रबरासारखी जाड चटई लागते, नाही तर टेबल चिरते आणि पातेही मरते.

या सुरीबरोबर लाकडी पट्टी वापरू नका. पाते लाकूड तासते आणि पट्टीची कड वाकडी होते. लोखंडाची पातळ पट्टीही नको. पाते तिच्यावर चढते आणि थेट बोटांवर येते. यासाठी जाड पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पट्टी असते. साधारण ३ मिलिमीटर जाड, ६ इंच रुंद आणि २४ इंच लांब. खालचे कापड दिसते, वर इंचांच्या उभ्याआडव्या रेघा छापलेल्या असतात. रुंदीचा फायदा तुम्ही आता ओळखला असेल. रुंद पट्टीवर पंजा पसरता येतो आणि बोटे धारेपासून दूर राहतात. अरुंद पट्टीवर बोटे एका ओळीत येतात आणि धारेला लागून बसतात.

खडू आणि कात्री यांवर काम करणाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नये. त्यांचीही गोधडी तितकीच सरळ होते. त्यांना तर एक सोय जास्त आहे. रेघ मारताना पट्टीच्या दोन्ही टोकांवर वजने ठेवता येतात. वाण्याकडची लोखंडी वजने चालतील, फडक्यात गुंडाळलेली अर्धी वीटही चालेल. वरवंटा नको, तो गडगडतो. वजने ठेवली की दोन्ही हात मोकळे. खडूला मात्र टोक हवे. बोथट खडूची रेघच एक सूत जाड होते, मग तिच्या कोणत्या कडेने कापायचे? आज या कडेने आणि उद्या त्या कडेने कापले, तर पट्टी कितीही स्थिर धरली तरी उपयोग नाही.

पट्टी गुळगुळीत असते, म्हणून ती सरकते. तिला खालून खरखरीत करावे. सुतार लाकूड घासायला काचपेपर वापरतो. त्यातला बारीक, २२० नंबरचा घ्या. रुपयाएवढ्या गोल टिकल्या कापा. पट्टीच्या खालच्या अंगाला चारी कोपऱ्यांत आणि मध्ये दोन, अशा चिकटवा. कडेपासून अर्धा इंच आत चिकटवा, म्हणजे पात्याला काचपेपर लागणार नाही. जाडाभरडा काचपेपर लावू नका. तो विरलेल्या लुगड्याचे धागे ओढतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडेही लावतात. रबराची पकड चांगली असते, पण ते जाड असते. पट्टी उचललेली राहते, खाली फट पडते, आणि कापड त्या फटीत फुगते. खडूसाठी ट्यूब चालेल, सुरीसाठी काचपेपरच बरा. आणि पट्टी अधूनमधून ओल्या फडक्याने पुसत जा. खडूची भुकटी आणि हाताचे तेल यांनी टिकल्या बुजतात.

कधी पट्टी घट्ट असते आणि खालचे कापडच पळते. सुती कापड सहसा पळत नाही. नायलॉनची, पॉलिस्टरची जुनी साडी मात्र माशासारखी निसटते. तिला भाताच्या पेजेची पातळ खळ द्या, वाळवा आणि इस्त्री करा. इस्त्री फार गरम नको, ते कापड वितळते. खळीने कापड कागदासारखे ताठ होते, मग ते पट्टीखाली मुकाट पडून राहते. गोधडी धुतली की खळ निघून जाते. नवे सुती कापड आणले असेल तर ते आधी धुऊन घ्या. ते पहिल्या धुण्यात आटते. बरोबर कापलेले तुकडेदेखील मग गोधडीत आटून एकमेकांना ओढतात.

कापडाचा धागाही पाहावा लागतो. विणकर उभा ताणा लावतो आणि आडवा बाणा भरतो. ताण्याच्या दिशेने कापड फार ताणले जात नाही. बाण्याच्या दिशेने थोडे ताणले जाते. तिरपे धरून ओढले तर भलतेच लांबते. ओढून पाहा, लगेच कळेल. पट्टी फिरून कड तिरपी कापली गेली, तर नुसते माप जात नाही. ती तिरपी कड शिवताना हातात लांबते आणि लाटा येतात. म्हणून पहिली कड धाग्यावर असली पाहिजे. सुती कापडाला काठापाशी लहानशी चीर देऊन ते फाडा. ते धाग्याधाग्याने सरळ फाटते. त्या कडेवर इस्त्री फिरवा आणि तिच्यावरून पुढची मापे घ्या.

काटकोन तपासायला गवंडी-सुतार गुण्या वापरतात. तो नसला तर एक कागद दुमडा. मग दुमडीवर दुमड बरोबर बसवून पुन्हा दुमडा. जो कोपरा तयार होतो तो काटकोन. कापलेल्या तुकड्याचा कोपरा त्याच्याशी लावून पाहा.

आता बोटांविषयी. चकतीचे पाते वस्तऱ्यासारखे असते. कापताना सुरी नेहमी अंगापासून दूर ढकलावी, अंगाकडे ओढू नये. प्रत्येक कापणीनंतर पात्यावरचे झाकण लावायचे. शेजारीण बोलवायला आली, दूध उतू चालले, काही का होईना, आधी झाकण. घरात रांगते मूल असेल तर सुरी फडताळात, वरच्या फळीवर ठेवावी. पाते बोथट झाले की माणूस जोर लावतो, आणि बहुतेक जखमा त्या जोरातच होतात. बोथट पाते ओळखायची खूण सांगतो. कापलेल्या कडेला सारख्या अंतरावर एकेक धागा न तुटता राहिला, तर चकतीला एके ठिकाणी खाच पडली आहे. चकती एक फेरा फिरते तेव्हा ती खाच एकदा खाली येते, म्हणून अंतर सारखे. असे दिसले की पाते बदला. पात्याचे पैसे वाचवून बोट गमावणे हा व्यवहार नव्हे. जुने पाते उकिरड्यावर टाकू नका, तिथे पोरे आणि गुरे असतात. झाकणाच्या डब्यात साठवा. बोट कापलेच तर स्वच्छ फडके घट्ट दाबून हात वर धरा. हळद, चहापत्ती, तंबाखू काही भरू नका. जखम खोल असेल तर दवाखान्यात जा आणि धनुर्वाताची सुई घ्यायची का ते विचारा.

नवशिक्याने एकदम कापडाला हात लावू नये. आधी रद्दीचा कागद घ्यावा. त्यावर पट्टी ठेवून पेन्सिलीने एक हात लांबीची रेघ मारावी. दोन इंच सोडून दुसरी, पुन्हा दोन इंच सोडून तिसरी. अशा दहा रेघा झाल्या की दोन रेघांमधले अंतर खाली, मध्ये आणि वर, असे तीन ठिकाणी मोजा. तिन्ही सारखी आली तर हात स्थिर आहे. वरचे अंतर कमी किंवा जास्त आले, तर हात पुढे न्यायला उशीर झाला. मध्येच रेघ वाकली असेल, तर हात नेताना पट्टी सुटली. आकडे त्याच कागदावर लिहून ठेवा आणि वर तारीख घाला. चार दिवसांनी पुन्हा दहा रेघा मारा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा. सगळ्या रेघांची तिन्ही मापे जुळली, की मग कापड घ्यावे. पहिल्या दिवशी एकच थर, आणि तोही जुन्या सुती लुगड्याचा.